हिरव्या झाकणाचं फूल: योनेक्स मॅव्हिस ३५०चा लेखाजोखा

मॅव्हिस ३५० हे योनेक्स कंपनीचं बॅडमिंटनचं नायलॉनचं शटल, म्हणजेच फूल. त्याच्या डब्यात सहा फुलं असतात आणि डब्याचं झाकण हिरवं, निळं किंवा लाल असतं. हा रंग शोभेसाठी नाही, ती फुलाची गती आहे. हिरवं म्हणजे संथ, साधारण २२ ते ३३ अंश सेल्सिअस तापमानासाठी. निळं मध्यम, १२ ते २३ अंशांसाठी. लाल जलद, शून्य ते १३ अंशांच्या गारठ्यासाठी. त्याच रंगाची पट्टी फुलाच्या बुडाशी असलेल्या बुचाभोवतीही असते, त्यामुळे झाकण हरवलं तरी ओळख पटते. या शटलबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या निम्म्या खरं तर चुकीच्या रंगाबद्दल असतात. ‘जलद’ म्हणजे ‘भारी’ असं समजून लाल डबा उचलायचा, उबदार हॉलमध्ये खेळायचं आणि मग म्हणायचं, फूल सारखं बाहेर जातं.

बाहेर जाणारच. हवा तापली की विरळ होते आणि फुलाला अडवणारं दुसरं काहीच नसतं, फक्त हवा. १० अंशांवरून ३५ अंशांवर गेलं की हवेची घनता सुमारे ८ टक्क्यांनी उतरते. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर ती आणखी १४ टक्क्यांच्या आसपास कमी असते. म्हणून उष्ण किंवा उंच जागी संथ फूल लागतं आणि थंडीत जलद. शिकणाऱ्याच्या हातात गरजेपेक्षा जलद फूल दिलं की तो नकळत हात आखडायला शिकतो. मनगट पूर्ण फिरवलं की फूल मागच्या रेषेबाहेर, म्हणून तो फटका अर्ध्यावर रोखतो. ही सवय पुढे मोडायला फार वेळ लागतो. उलट्या बाजूने, गारठ्यात हिरवं फूल दिलं तर मागच्या रेषेवरून मागच्या रेषेपर्यंत फटका पोचतच नाही आणि मुलं खांद्यातून ओढून मारायला लागतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. पहिल्या काही महिन्यांसाठी, रंग नीट निवडला तर, नायलॉनमध्ये हे फूल घ्यावं. मात्र जाळ्याजवळचा खेळ याच्यावर शिकू नये. कारण तिथे ते खोटं बोलतं.

आता फूल हातात घेऊन पाहू. नियमाप्रमाणे शटलचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. पिसांच्या फुलाला बुचात रोवलेली १६ पिसं, टोकापासून बुचाच्या माथ्यापर्यंत लांबी ६२ ते ७० मिलिमीटर, वरच्या घेराचा व्यास ५८ ते ६८ मिलिमीटर, बुचाचा व्यास २५ ते २८ मिलिमीटर आणि बुचाचं बूड गोलाकार. पिसांऐवजी दुसऱ्या पदार्थाचं शटल असेल तर या मापांत १० टक्क्यांपर्यंत फरक चालतो, कारण नायलॉनचं वजन आणि लवचीकपणा पिसासारखा नसतो. मॅव्हिसमध्ये पिसांच्या जागी नायलॉनचा एकसंध, जाळीदार घेर असतो. त्यात उभे दांडे, त्यांना जोडणारे आडवे तंतू आणि कंपनी जिला ‘विंग रिब’ म्हणते ती ठेवण. फटका बसल्यावर चेपलेला घेर लवकर पुन्हा उघडावा, यासाठी ती असते. बूच कॉर्कचं, आणि हाच या फुलाचा सगळ्यात मोठा गुण. स्वस्त प्लास्टिकच्या फुलांना बहुतेक वेळा फोमचं बूड असतं. तारांवर त्याचा आवाज बद्द येतो, रॅकेटवरून ते उशिरा सुटतं आणि हाताला काहीच कळत नाही. फटका गोड बसला की नाही हे शिकणाऱ्याला आधी कानाला आणि तळव्याला कळतं, नजरेला नंतर. फोमवर ती खूणच मिळत नाही.

घेताना डबा उघडता आला तर चार गोष्टी बघाव्यात. फूल टोकांकडून डोळ्यासमोर धरा. घेर गोल दिसला पाहिजे, अंडाकृती नाही. डब्यात दाबून बसलेलं फूल एका बाजूला चपटं होतं आणि मग उडताना डुगडुगतं. बुचाला अंगठ्याने हलकेच पिळून बघा, घेर आणि बूच यांच्यात जराही खेळ नको. दांडे बुचात शिरतात तिथे बारीक पांढुरक्या रेषा दिसल्या तर नायलॉन तिथे आधीच ताणलं गेलंय, ते फूल तिथेच मोडणार. चौथी गोष्ट बुचाभोवतीच्या रंगीत पट्टीची. ती सुटत असेल तर वजन क्षुल्लकच बदलतं, पण चिकटवण्याचं काम निष्काळजीपणे झाल्याची ती खूण आहे. पांढरं की पिवळं, हा प्रश्न हॉलच्या भिंतीला विचारावा. फिकट भिंतीवर पिवळं उठून दिसतं, गडद भिंतीवर पांढरं.

खरी परीक्षा कोर्टवर. ती नियमातच दिलेली आहे आणि तिला दोन मिनिटं पुरतात, तरी ती क्वचितच कोणी घेतं. मागच्या रेषेवर उभं राहायचं, फूल त्या रेषेच्या वर असताना खालून वर पूर्ण ताकदीने मारायचं, बाजूच्या रेषेला समांतर आणि वरच्या दिशेने. योग्य गतीचं फूल समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे किमान ५३० आणि जास्तीत जास्त ९९० मिलिमीटरवर पडतं. काही कोर्टांवर उजवीकडच्या एकेरीच्या रेषेला लागून आतल्या अंगाला ४० मिलिमीटरच्या चार छोट्या चौकोनी खुणा दिसतात, त्या याच परीक्षेसाठी. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, फूल हातातून सोडताना ते पुढे पडतं आणि रेषेच्या आतून मारलं जातं, मग अंतर वाढतं आणि फूल उगाच जलद ठरतं. दोन, नवशिका ही परीक्षा घेतो. पूर्ण ताकदीचा सफाईदार अंडरहँड ज्याला जमतो त्यानेच ती घ्यायची. नसेल तसा कोणी, तर निदान एकाच माणसाने डब्यातली सहाही फुलं ओळीने मारावीत. ती हातभराच्या पट्ट्यात पडली तर डबा एकसारखा आहे. मॅव्हिसची खरी ताकद इथे दिसते. साच्यातून निघालेलं असल्यामुळे एका फुलाचं दुसऱ्याशी जुळतं. कमी प्रतीच्या पिसांच्या डब्यात हा सारखेपणा नसतो.

खेळताना काय होतं

क्लिअर आणि ड्राइव्ह, म्हणजे उंच मागचा फटका आणि सपाट फटका, यांत मॅव्हिस समाधानकारक आहे. कडक मारलं की तक्रारीला सुरुवात होते. शटल हे हवेचा अतिरेकी विरोध सोसणारं यंत्र आहे. भारताच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीने १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधल्या सोका इथे मारलेल्या स्मॅशची, म्हणजे वरून खाली हाणलेल्या फटक्याची, नोंद ताशी ५६५ किलोमीटर अशी झाली आहे. आणि तेच शटल छतावरून नुसतं सोडलं तर ते सेकंदाला ७ मीटरचाही वेग गाठत नाही. या दोन टोकांच्या मध्ये सगळं बॅडमिंटन घडतं. रॅकेटवरून सुटताना प्रचंड वेग आणि पुढच्या काही मीटरांत त्यातला बहुतेक खलास. पिसांचा घेर हा वेग सोसूनही उघडा राहतो, म्हणून ब्रेक लगेच लागतो. नायलॉनचा घेर जोराच्या फटक्यात आत चेपला जातो, घेर लहान झाला की विरोधही कमी होतो आणि फूल अपेक्षेपेक्षा लांब पळतं. हळू मारलं तर ब्रेक ठीक लागतो, जोरात मारलं तर सैल पडतो. शिकणारा मुळात फार जोरात मारत नाही, त्यामुळे त्याला हे जाणवत नाही. दोन वर्षं खेळलेल्या माणसाच्या स्मॅशखाली मात्र मॅव्हिस सपाट सुटतं आणि समोरच्याला परतवायला सोपं जातं, कारण ते शेवटी खाली वाकत नाही.

उंच क्लिअरवरही हाच फरक. पिसांचं फूल कमानीच्या माथ्यावर थांबल्यासारखं होतं आणि मग जवळपास सरळ खाली येतं. नायलॉनचं फूल त्या वळणावर जरा पुढे वाहतं. म्हणून मॅव्हिसवर मागच्या रेषेचा अंदाज घेतलेला खेळाडू पिसांवर गेला की फूल त्याच्या हिशेबापेक्षा अलीकडे पडतं.

जाळ्याजवळ तर नायलॉन पदरी काहीच घालत नाही. नेट शॉटचं मर्म असं की फूल जाळ्याच्या वरच्या पट्टीवरून केसभर वर जावं, पलीकडे गडगडत पडावं आणि समोरच्याला बूच कुठे आहे तेच कळू नये. पिसांच्या फुलाला तारांनी खालून हलका काप दिला की ते कोलांट्या खातं. नायलॉनचं फूल पटकन सावरतं, बूच खाली करून शहाण्यासारखं उतरतं. म्हणजे चुकीचा नेट शॉटही त्यावर बरा दिसतो आणि उत्तम नेट शॉटचंही चीज होत नाही. पिसं सगळी पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची घेतात, बहुधा डाव्या, त्यामुळे फूल उडताना एकाच दिशेने स्वतःभोवती फिरतं. ड्रॉपला, म्हणजे जाळ्यापलीकडे अलगद टाकलेल्या फटक्याला, काप देताना त्या फिरकीच्या बाजूने कापलं की एक परिणाम, उलट कापलं की दुसरा. नायलॉन पिसांइतकं जोरात फिरत नाही, म्हणून हा फरक हाताला शिकवतच नाही. या फिरकीचं वजन किती आहे, ते २०२३ साली दिसलं. सर्व्हिस करताना बोटांनी फूल फिरवून सोडण्याची युक्ती निघाली, परतवणाऱ्यांची भंबेरी उडाली आणि जागतिक बॅडमिंटन महासंघाने त्याच वर्षी तिच्यावर बंदी घातली.

मोठ्या खेळाडूंच्या याद्या वाचताना हे लक्षात ठेवावं की त्यांच्यातले कितीतरी जण जोरासाठी नव्हे, तर याच नाजूक जागेसाठी ओळखले गेले. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरमध्ये आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले, ते मनगटाच्या आणि जाळ्याजवळच्या कामावर. प्रकाश पदुकोण यांनी १९८०मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगला हरवलं. किंगचा उडी मारून केलेला स्मॅश धडकी भरवणारा, पदुकोण यांनी त्याला तो मारायला सोयीचं फूलच मिळू दिलं नाही. असा खेळ पिसांवरच घडतो. नायलॉनवर तोच डाव खेळला तर किंगसारख्याला दर तिसऱ्या फटक्याला मनासारखं फूल मिळेल.

पिसं आली कुठून

हे सगळं इतकं गुंतागुंतीचं होण्याचं कारण जुनं आहे. आधी खेळ होता ‘बॅटलडोर अँड शटलकॉक’, दोघांनी मिळून फूल जमिनीवर पडू न देता उडवत राहायचं. हरवायचं कोणाला नसायचंच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला जाळं मिळालं, बाजू मिळाल्या. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये ड्यूक ऑफ ब्यूफोर्ट यांचा बॅडमिंटन हाउस हा वाडा, त्याच्यावरून नाव आलं. नियमांची सुरुवातीची घडण मात्र भारतात, ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या हाताखाली पुण्यात झाली आणि खेळाला काही काळ ‘पूना’ असंच म्हणत. वारा असला की फुलाऐवजी लोकरीचा चेंडू घ्यायचे. दक्षिणेत तंजावर भागात तो प्रकार रुजला आणि बॉल बॅडमिंटन म्हणून आजही खेळला जातो. तो चेंडूच सांगतो की फूल हे बंद जागेचं साधन आहे, वाऱ्याचं नाही. गच्चीवर किंवा अंगणात मॅव्हिस घेऊन खेळणाऱ्यांनी हे मनात ठेवावं. नायलॉन वाऱ्याला पिसांपेक्षा किंचित बरं तोंड देतं, इतकंच.

इंग्लंडची संघटना १८९३ची, ऑल इंग्लंड स्पर्धा १८९९पासून, आंतरराष्ट्रीय महासंघ १९३४चा आणि ऑलिंपिकमध्ये पदकांसह प्रवेश १९९२ साली बार्सिलोनात. या सगळ्या काळात मोठ्या स्पर्धांमध्ये पिसंच राहिली. प्लास्टिकचं फूल दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये कार्लटन कंपनीने आणलं, ते सराव, शाळा आणि हौशी खेळापुरतं. पिसं महाग, त्यातही एका पंखातून कामाची मोजकीच निघतात. नायलॉन टिकतं. दोन पदार्थांतली ही वाटणी तेव्हापासून फारशी हललेली नाही.

वजनाबद्दल एक गंमत. पिसांच्या फुलांच्या डब्यांवर ७५, ७६, ७७, ७८, ७९ असे आकडे दिसतात. ते ग्रेन या जुन्या मापातले आहेत. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, म्हणजे ७७ नंबरचं फूल ५ ग्रॅमच्या जवळ. नंबर वाढला की फूल जड, म्हणून जलद. योनेक्स आपल्या पिसांच्या फुलांवर याऐवजी १ ते ५ असे आकडे छापतं, १ सगळ्यात संथ. २७ ते ३३ अंशांना २ आणि २२ ते २८ अंशांना ३ हा त्यांचा सल्ला. नायलॉनमध्ये याच पाच पायऱ्यांचे तीन रंग होतात. म्हणजे मॅव्हिसची गती पिसांइतकी बारीक जुळवता येत नाही. २३ अंशांच्या आसपासच्या हॉलमध्ये हिरवं जरा मंद आणि निळं जरा चपळ वाटेल. अशा वेळी शिकणाऱ्यांनी मंदच घ्यावं.

टिकाऊपणा, आणि ते मरतं कसं

टिकाऊपणावर या फुलाला पूर्ण गुण. पिसांचं फूल कडक स्मॅश करणाऱ्या दुहेरीत एखादी गेमही नीट काढत नाही. मॅव्हिस शिकणाऱ्या चौघांमध्ये कितीतरी बैठका चालतं. पण ‘अजून मोडलं नाही’ आणि ‘अजून चांगलं आहे’ यांत फरक आहे आणि बहुतेक क्लबांत तोच विसरला जातो. नायलॉन मरताना आवाज करत नाही. घेर हळूहळू मऊ पडतो, फटक्यात जास्त चेपतो, सावरायला वेळ लावतो आणि फूल दर आठवड्याला थोडं जलद होत जातं. खेळणाऱ्यांना वाटतं आपली ताकद वाढली. म्हणून आठवड्यातून एकदा जुनं फूल नव्या फुलाशेजारी वर सांगितलेल्या परीक्षेला लावावं. नव्यापेक्षा वीतभर पुढे पडलं की ते बाजूला काढायचं. जुनं आणि नवं एकाच गेममध्ये आलटून पालटून वापरू नये, शिकणाऱ्याचा हात दोन्हीकडे फसतो.

मोडण्याच्या जागा ठरलेल्या. पहिली, दांडा बुचात शिरतो ती. फ्रेमचा फटका बसला की इथे तडा जातो. फ्रेमचा फटका नवशिक्यांकडून फार बसतो, कारण ते फूल डोक्याच्या मागे येईपर्यंत थांबतात. दुसरी जागा वरच्या कडेचे आडवे तंतू. एक तुटला तरी घेराचा तोल जातो आणि फूल उडताना डोलतं, त्याला चिकटपट्टी लावून जोडू नये, तिच्या वजनाने ते आणखी डोलतं. तिसरी, बूच. एका बाजूने चपटं झालं की तारांवरून फूल तिरकं सुटतं. हे लवकर होत असेल तर दोष बहुधा रॅकेटच्या तारांच्या ताणात असतो. शिकणाऱ्याला २० ते २२ पौंड पुरतात. दुकानदाराने भरीस घालून २८ पौंड ताणून दिले की तारा पाटासारख्या कडक होतात, जोर मिळत नाही, माणूस आणखी जोराने मारतो आणि बूच, तारा आणि कोपर तिन्हींना त्रास.

थंडी हा नायलॉनचा शत्रू. गार हवेत ते कडक होतं आणि तडकतं. डबा गाडीत किंवा बाहेरच्या कपाटात ठेवला असेल तर खेळायच्या तासभर आधी हॉलमध्ये आणून ठेवावा. वाफ मात्र मॅव्हिसला देऊ नये. पिसांना वाफ देतात ते पाहून अनेक जण नायलॉनलाही देतात आणि घेर वाकडा करून बसतात. पिसांची गोष्ट निराळी. ती सुकली की काचेसारखी तुटतात. डब्याची दोन्ही झाकणं उघडायची, किटलीच्या तोंडावर पिसांची बाजू धरून दहा ते पंधरा सेकंद वाफ आत जाऊ द्यायची, झाकणं लावायची आणि रात्रभर ठेवायचं. जास्त दिली तर फूल जड होतं आणि पिसं बांधणाऱ्या दोऱ्यांवरचा डिंक सुटतो. बुचाला वाफ लागू द्यायची नाही.

कोणी घ्यावं, आणि कधी थांबावं

शाळेसाठी, नव्या वर्गासाठी, घरच्या घरी खेळणाऱ्यांसाठी मॅव्हिस ३५०ला आमची पसंती. त्यातही सर्व्हिसचा सराव आणि नेट शॉट यांसाठी वेगळी सोय करावी. क्लबातली मोठी मंडळी टाकून देतात ती पिसांची जुनी फुलं मागून आणायची. एक-दोन पिसं मोडलेली, पण बूच शाबूत असलेली. जाळ्याजवळच्या सरावाला ती पुरतात, कारण तिथे फूल लांब उडत नाही आणि कोलांट्या मात्र खऱ्या खातं. एका मुलाने हाताने फेकायचं, दुसऱ्याने रॅकेट जाळ्याच्या पट्टीइतकी उंच धरून नुसतं ठेवायचं, झोकायचं नाही. जाळं मधोमध १.५२४ मीटर आणि खांबांपाशी १.५५ मीटर असावं. ढिलं जाळं लावून केलेला नेट सराव वाया जातो.

दुहेरीच्या बॅकहँड सर्व्हिसलाही मॅव्हिसची अडचण आहे. पिसांचं फूल दोन बोटांच्या चिमटीत एका पिसाच्या टोकाला धरलं की ते स्थिर लटकतं. नायलॉनची कड चिमटीत धरताना वाकते आणि सोडताना उसळी घेते, त्यामुळे फूल पट्टीवरून थोडं उंचच जातं. घट्ट धरू नये, कडेला फक्त टेकवावं. आणि फटक्याच्या क्षणी पूर्ण फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असलं पाहिजे, २०१८पासून असलेला हा नियम शिकतानाच अंगी लावावा.

मधला पर्याय म्हणजे कृत्रिम पिसांची फुलं. त्यांत नायलॉनसारखा एकसंध घेर नसतो. कृत्रिम पदार्थाची सुटी ‘पिसं’ खऱ्यासारखी बुचात रोवलेली असतात. जागतिक महासंघाने २०२१पासून मान्यताप्राप्त स्पर्धांसाठी यांना परवानगी दिली, वापरायची की नाही हे आयोजकांवर. क्लिअर आणि स्मॅशमध्ये ती पिसांच्या बरीच जवळ जातात, जाळ्याजवळ अजून उणी पडतात. मॅव्हिसवरून पिसांकडे जाताना त्यांचा पूल म्हणून उपयोग होतो. पण ज्यांना थेट पिसांवर जाता येतं त्यांनी मधे थांबायची गरज नाही. पिसांत योनेक्सचीच एअरोसेन्सा मालिका आहे, त्यातलं ५० क्रमांकाचं मोठ्या स्पर्धांचं. सरावाला ते घेणं म्हणजे उधळपट्टी, खालच्या क्रमांकांवर काम भागतं.

बदल केव्हा करावा याचं माप सोपं आहे. योग्य रंगाच्या मॅव्हिसवर मागच्या रेषेवरून मारलेले दहापैकी आठ क्लिअर समोरच्या मागच्या पट्ट्यात पडायला लागले, आणि तेही हात न आखडता, की आठवड्यातले निम्मे दिवस पिसांवर जायचं. पहिल्या दिवशी सगळंच बिघडल्यासारखं वाटेल. क्लिअर अर्ध्या कोर्टात पडतील, ड्रॉप जाळ्यात अडकतील, कारण तोच जोर आता लवकर संपतो. वरून येणारं फूल सरळ खाली पडत असल्यामुळे मारण्याची जागाही उशिरा आणि खाली सापडेल. त्यावर जोर वाढवू नये. एक पाऊल लवकर मागे जायचं आणि फूल वीतभर पुढे, कपाळाच्या वर असतानाच घ्यायचं. दोन-तीन बैठकांत अंतर जुळतं. मॅव्हिसचा उरलेला डबा वॉर्म-अपसाठी ठेवावा, झाकण घट्ट लावून आणि फुलं एकात एक दाबून न बसवता.